अडलेला कौल

"खिसे उलटे करा," मी म्हणालो. "सगळ्यांनी. आत्ताच्या आत्ता."

शाळेच्या व्हरांड्यात रांगेने उभी असलेली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. चिंचोके निघाले, गोट्या निघाल्या, एका खिशातून जिवंत खेकडा निघाला. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या गुणाजीच्या चड्डीच्या खिशातून मात्र सागाच्या पानात गुंडाळलेला एक काळपट गोळा निघाला. मी बोट लावलं. बोट गोळ्याला चिकटलं, गोळा पानाला आणि पान चड्डीला.

"हे काय आहे?"

"चीक."

"फणसाचा?"

"मगे काय माझो?"

सगळी पोरं फिदीफिदी हसली. मी हसलो नाही. हा चीक पोरं शिजवून घट्ट करत, काठीला फासत आणि ती काठी फळांनी लगडलेल्या झाडावर नेऊन ठेवत. पोपट येऊन बसला की बसलाच. सुटायची धडपड करताना पंखही चिकटत. मग पोरं खोबरेल तेल चोळून त्याला सोडवत, कारण चीक हटतो तो फक्त तेलाने, आणि पिंजऱ्यात कोंबत. आठवड्याभरात पोपट मरे. हे मी गेले तीन रविवार घसा फोडून सांगत होतो आणि पोरं माना डोलवत होती. माना डोलवण्यात कोकणातल्या पोरांचा हात कोणी धरणार नाही.

मी गुरांचा डॉक्टर. शिरगुप्पे. घाटावरचा माणूस, बदली होऊन सावरगाळूच्या दवाखान्यात आलो होतो. रविवारी पोरं गोळा करून रानात न्यायची, पक्षी-झाडं दाखवायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोने तर स्पष्ट नको म्हणून सांगितलं होतं. पण हौस नडते माणसाला. 'धनेश निसर्ग मंडळ' असं भारदस्त नाव देऊन मी हा खटाटोप सुरू केला आणि तेव्हापासून एकही रविवार सुखाचा गेला नाही. रानात निघालो की कुणाची तरी म्हैस अडायची. म्हैस नसेल तर पोरं अडायची.

"आज शपथ घ्यायची," मी म्हणालो. "हात पुढे करा. म्हणा, मी चिकाने पक्षी धरणार नाही."

सगळ्यांनी हात पुढे केले. एक हात मात्र खालीच राहिला. हर्षाली गुरव. देवळातल्या तातू गुरवाची नात, बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर सदैव एक आठी.

"तुझं काय?"

"फकत पक्षी, डॉक्टरानू?"

"मग अजून काय धरणार तू चिकाने? बैल?"

"तसा नाय. शपथ म्हटल्यार शब्द नीट व्हये. आजो म्हणता, देव बोललल्या शब्दाक धरून चलता."

गुरवाचं घर ते. गाऱ्हाणं घालताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तर देव भलताच अर्थ घेईल, या धाकात वाढलेली पोर. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली.

"फक्त पक्षी," मी ओरडलो. "घे शपथ!"

तिने हात पुढे केला आणि शब्दन् शब्द सावकाश उच्चारून शपथ घेतली.

पण खरं सांगायचं तर मंडळात एकच पोर कामाची होती, आणि ती हीच. देवराईतल्या म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं आहे, हे तिनेच शोधून काढलं. गावातले लोक त्याला ककणेर म्हणतात. हा पक्षी नशीबवान म्हणावा की अभागी, मला कळलेलं नाही. मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. पिल्लू उडण्याजोगं होत आलं की मगच बाहेर. तोवर नर दिवसभर वड-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. तो उडत आला की सूप पाखडल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा गुणाजीसुद्धा दहा मिनिटं गप्प बसला होता. या एका गोष्टीसाठी मी त्या मंडळाचं सगळं माफ करायला तयार होतो.

आणि पुढच्याच रविवारी हर्षाली धावत आली. चालत कधी येतच नसे, पण त्या दिवशी तिच्या कपाळावर दोन आठ्या होत्या.

"डॉक्टरानू, बेहडो तोडतले."

"कोण?"

"देवळाचो सभामंडप करूचो आसा. सिमिटाचो. बेहडो मधी येता. दाजी परबानी करवतीवाले पण सांगान ठेवले हत. उद्याचो सोडून म्होरल्या सोमवारी कौल लावतले."

"आणि घरटं?"

"ता कोणी इचारूकच नाय."

*

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. आधी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, पक्ष्याबद्दल फार कळवळा दाखवला आणि म्हणाले, राई देवस्थानची, त्यांच्या धार्मिक बाबीत आपण कसं पडणार? तुम्ही मानकऱ्यांशी बोला.

मानकरी म्हणजे दाजी परब. पांढरं धोतर, कानात भिकबाळी, पडवीत झोपाळा. त्यांनी सोलकढी पाजली.

"डॉक्टरानू, तुमी शिकलले. पण ह्या माझ्या हातात नाय. देवान नको म्हटल्यान तर आमी झाडाक हातय लावचव नाय. देवान व्हय म्हटल्यान, तर तुमी-आमी कोण नाय म्हणणार?"

"अहो, पण देवाला विचारायचा प्रश्न तुम्हीच ठरवता ना?"

"प्रश्न आमचो, उत्तर देवाचा. तातूक इचारा."

तातू गुरव देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसले होते. कृश, काळे, गुडघ्यांना फडकी बांधलेली. त्यांनी मला काही पाजलं नाही, पण शेजारी बसायला जागा दिली.

"तातू, तुम्ही तरी सांगा. आत मादी आहे, पिल्लू आहे. झाड पडलं की संपलं सगळं. दोन महिने थांबलं तर काय बिघडतं?"

"पावस बिघाडता," तातू म्हणाले. त्यांनी देवळासमोरच्या उघड्या अंगणाकडे हात केला. "चाळीस वर्सां हय भिजान पूजा करतंय मी, डॉक्टरानू. पालखी भिजता. बायको-पोरा छत्रेत उभी रवतत. ह्या वर्सा दाजी म्हणतत, पैशे जमलेत. म्होरल्या वर्सा कोणी बघितल्यान?"

"मग देवाला काय विचारणार तुम्ही?"

"काय इचारतलंय? गावान सांगितल्यान ता. देव काय ता सांगात. माझ्या हातात काय आसा?"

म्हणजे बघा. साहेब म्हणाले मानकरी, मानकरी म्हणाले गुरव, गुरव म्हणाला देव. टोलवाटोलवीत देव शेवटचा, आणि तो काही माझ्याशी बोलणार नव्हता. मी स्कूटरला लाथ मारली. ती सुरूच झाली नाही. ढकलत दवाखान्यापर्यंत आणली.

कौल म्हणजे काय हे घाटावरच्या लोकांना सांगायला हवं. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची ओली पाकळी चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. लग्न करावं का, विहीर कुठे खणावी, भावकीत वाटणी कशी करावी, सगळं त्या पाकळ्यांवर. आणि गाव तो निकाल मुकाट मानतं. कोर्टात हरलेला माणूस वरच्या कोर्टात जातो, पण कौल हरलेला माणूस घरी जातो.

शनिवारी संध्याकाळी सगळं मंडळ माझ्या दवाखान्यासमोर जमलं. मी एका बकरीला टोचत होतो.

"डॉक्टरानू, आमी ठरवलाव," हर्षाली म्हणाली. "आमी पण गाऱ्हाणा घालतलाव. मंडळाच्या वतीन."

"हे विज्ञानाचं मंडळ आहे," मी म्हणालो. "पाकळ्या पडतात त्या ओलाव्याने आणि वाऱ्याने. त्याच्यावर एका जिवाचं मरण ठरवायचं? आपण सह्या गोळा करू. शाळेत पत्रक लावू."

"सह्ये किती झाले?" गुणाजीने विचारलं.

सह्या सहा झाल्या होत्या. त्यातली एक माझी आणि एक बायकोची होती, तीही रागावून केलेली.

"मगे?" हर्षाली म्हणाली.

मी बकरीकडे बघितलं. तीही त्यांच्याच बाजूची वाटली. वीस लोकांचं डोकं एका बाजूला आणि माझं एकट्याचं दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग आला की माणसाने हात टेकावेत. मी हात टेकले.

"घाला काय घालायचं ते. पण माझं नाव त्यात घेऊ नका."

*

सोमवारी सकाळी निम्मं गाव देवळात. करवतीवाले दोघे बेहड्याखाली पथारी पसरून बसले होते, शेजारी पेट्रोलचा डबा. दाजी परब पहिल्या रांगेत. मी सगळ्यात मागे, खांबाला टेकून, कपाळाला आठ्या घालून. राईत जरा ऊन शिरलं होतं आणि डोक्यावरून सूप पाखडल्यासारखा आवाज करत नर दोनदा येऊन गेला. त्याला बिचाऱ्याला आज काय चाललंय याची गंधवार्ताही नव्हती.

हर्षालीने फुलांचं तबक आणून गाभाऱ्यात ठेवलं. ते रोजचंच तिचं काम. देव धुणं-पुसणंही तिच्याच घराकडे. तातूंनी तगरीच्या दोन पाकळ्या निवडल्या, ताम्हनातल्या पाण्यात बुडवल्या आणि पाषाणाच्या दोन अंगांना लावल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या राईत, तुझ्या सावलीत ह्यो गाव जगता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला.

"आज तुझ्या दारात छप्पर घालूचा मनात धरलेला हा. त्येच्या आड तुझोच बेहडो येता. तो काढूक तुझी मान्यता आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजो, आमचा पण," मागून बारीक आवाज आला.

दाजी परबांनी मान वळवली. तातूंनी नातीकडे बघितलं. मग सगळ्यांकडे. नाही म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही, कारण देवाच्या दारात गाऱ्हाणं घालायला कुणालाच मज्जाव नसतो, हा सावरगाळूचा रिवाज. हर्षाली पुढे आली, हात जोडले आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा! तुझ्या बेहड्यात एक बायल माणूस बाळतपणाक इला हा म्हाराजा!"

गाव गोंधळला. पण सवय ती सवय.

"व्हय म्हाराजा!"

"तिना आपल्या हातान दार लिंपून घेतला हा. घोव भायरसून चारता. पोराचे पंख अजून फुटाक नाय. कोणाच्याय घरातल्या बाळंतणीक भायर काढू नये म्हणतत. तुझ्या घरातल्या बाळंतणीक कोणी भायर काढित तर तूच काय ता बघ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बायकांचा आवाज जास्त होता.

माझ्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघून गेलं. ते मी उन्हावर ढकललं.

मग वाट बघणं सुरू झालं. एरवी हे काम चटकन आटपतं. पाकळी घसरते, पडते, लोक उठतात. पण त्या दिवशी पाकळ्या जागच्या हलेनात. लोकांनी माना पुढे काढल्या. कुणीतरी कुजबुजलं. तातूंनी पुन्हा हात जोडले, पुन्हा देवाला विनवलं. पाकळ्या तशाच. मागच्या म्हाताऱ्या पान खायला बाहेर गेल्या आणि खाऊन परत आल्या. करवतीवाल्यांतला एक घोरायला लागला. गुणाजीने मला विचारलं, जेवण आहे का. ऊन चढलं, तगरीच्या पाकळ्या कडेने वाळून वळायला लागल्या, पण पडेनात. सगळं गाव दोन वाळक्या पाकळ्यांकडे डोळे लावून बसलंय आणि बाहेर एक पक्षी एकटा राब राब राबतोय, हे बघून मला इतका वैताग आला की उठून दोन्ही पाकळ्या स्वतः खेचून काढाव्यात असं वाटलं. बरं झालं काढल्या नाहीत.

दाजी परब शेवटी उठले. "तातू, काय ता?"

तातूंनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि जोडलेले हात थरथरत होते. उपाशी पोट आणि वय, मी डॉक्टरी निदान केलं.

"देव बोलणा नाय," ते म्हणाले. "कौल अडलो. देवान तोंड मिटल्यान. देव बोलासर झाडाक कोणी हात लावचो नाय."

"पण करवतीवाले…"

"दाजी, देव बोलणा नाय म्हणतंय मी!"

तातू गुरव ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले. दाजी खाली बसले. मग उठले, पाषाणाला दंडवत घातला आणि घरी गेले. त्यांच्या मागोमाग गाव गेला. करवतीवाल्यांना उठवून परत पाठवलं.

पुन्हा विचारायचं ते दिवाळीनंतर, असं ठरलं. मृगाआधी पिल्लू ढोलीबाहेर आलं. पोरांनी त्याला बघून असा काही आरडाओरडा केला की ते परत ढोलीत जातं की काय अशी मला भीती वाटली. दिवाळीनंतर कौल लागला तेव्हाही मी मागे उभा होतो. तातूंचे हात कोपरापर्यंत तेलाने चकाकत होते. सांधे दुखत असतील, तेलाने मर्दन केलं असेल, असं मला वाटलं. हर्षाली त्या दिवशी तबकाच्या आसपासही नव्हती, खांबाला हात टेकून लांब उभी होती. गाऱ्हाणं संपलं न संपलं तोच डावी पाकळी घसरली. उजवी होती तिथेच.

"देवान नको म्हटल्यान," तातू म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.

मंडप दुसऱ्या अंगाला झाला, थोडा वाकडा. बेहडा राहिला. दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि मी घाट चढून परत आलो.

*

मध्ये वीसेक वर्षं गेली. मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमाला या, असा हर्षालीचा फोन आला. ती आता तिकडच्याच आरोग्यकेंद्रात नर्स आहे आणि रविवारी मंडळ चालवते. तातू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी गेलो.

तोच शाळेचा व्हरांडा. नवी पोरं, खिसे तेच. हर्षाली समोर उभी राहिली, कपाळावर तीच आठी, आणि म्हणाली, "शपथ."

पोरांनी हात पुढे केले. "मी चिकाने पक्षी धरणार नाही," पोरं एका सुरात म्हणाली. मला बरं वाटलं. आपण पेरलेलं उगवलं. पण पोरं थांबली नाहीत. "आणि देवालाही चीक लावणार नाही."

मी हर्षालीकडे बघितलं. ती साळसूद चेहरा करून उभी होती.

"ही दुसरी ओळ कुठली?"

"चला," ती म्हणाली. "देवळात जावया."

बेहड्याखाली बसल्यावर तिने सांगितलं. कौलाच्या सकाळी देव धुवायला गेली तेव्हा ती नखाएवढा चीक घेऊन गेली होती. पाषाणाच्या उजव्या अंगाला, पाकळी लागते नेमक्या त्या जागी, तिने तो बोटाने फासला. उजवी पडलीच नाही तर होकार येईल कसा? डावी कधी ना कधी पडणारच.

"हर्षाली!" मी अक्षरशः ओरडलो. "शपथ घेतली होतीस तू!"

"पक्षी धरूचो नाय अशी शपथ होती. मी इचारलंय होतंय तुमका, फकत पक्षी? तुमी म्हणालात, फकत पक्षी."

मी डोक्याला हात लावला. वीस वर्षांनी लावला, एवढाच फरक.

"पण मग डावी का नाही पडली?"

वाळलेलं एक पान उचलून तिने त्याचे तुकडे केले.

"दुपारी सगळे जेवूक गेल्यार मी खोबऱ्याच्या तेलाची वाटी घेवन गाभाऱ्यात गेलंय. चीक काढूक. बघतंय तर आजो आधीच थंय. त्येच्याय हातात तेलाची वाटी. डावी बाजू पुसता हा."

मला कळायला थोडा वेळ लागला. मंडप व्हावा म्हणून तातूंनी डावीकडे लावला होता. पोरीने उजवीकडे. कौल अडला होता तो आजोबा आणि नातीच्या मध्ये.

"जल्मात एकदाच केल्यान त्येना," हर्षाली म्हणाली. "चाळीस वर्सां पावसात भिजान कंटाळलो होतो. मगे उजवी पण पडणा नाय म्हणताना त्येका वाटला, देवान आपल्याक धरल्यान. आता वंस बुडतलो. तसोच थरथरत होतो. आणि मी वाटी घेवन दारात उभी. त्येना माझी वाटी बघितल्यान. मगे उजवी पाकळी चाचपून बघितल्यान. मगे हसलो. इतको हसलो, डॉक्टरानू, की मगे रडाकच लागलो."

"काय म्हणाले?"

"म्हणालो, चेडवा, आपण दोघांनी मिळान देवाच्या तोंडाक चीक लावलो. तो बिचारो बोलतलो कसो?"

राईत कुठेतरी धनेश ओरडत होता. हर्षालीने डोळे पुसले आणि लगेच चेहरा सरळ केला.

"मगे दोघांनी मिळान दोनय बाजू तेलान पुसून लख्ख केलाव, आणि त्येना माझ्याकडसून वचन घेतल्यान. दिवाळीनंतर खरो कौल लावचो. देव काय सांगात ता सांगात. बेहडो पडलो तरी पडलो. त्या दिवशी सकाळी आमी दोघांनी कोपरापर्यंत तेल लावन घेतलाव. आमच्या हातान काय चिकटूक नको म्हणान. मी खांबाक धरून उभी होतंय ती तेवढ्यासाठीच. वाटत होता, आता उजवी पडतली आणि सगळा माझ्यामुळे."

आता मात्र माझ्यातला डॉक्टर जागा झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या पोरीला पकडायची संधी मिळाली होती.

"अगं वेडे, तेलकट हाताने लावलेली पाकळी घसरणारच की! त्यात देवाचं काय? तेलाने पडली ती."

"असात," ती म्हणाली. उठली, फ्रॉक झाडल्यासारखी साडी झाडली. "पण दोनय पाकळ्यो आजोनच लावलल्यो, त्याच हातान. मगे उजवी कित्याक नाय घसारली?"

व्हरांड्यातून पोरं हाका मारत होती, कुणाच्या तरी खिशात परत काहीतरी सापडलं होतं, आणि ती आठी घालून तिकडे गेली. मी बेहड्याखाली तसाच बसलो. तापमान, ओलावा, दगडाचा उतार, सगळा हिशेब मांडून बघितला. परतीच्या एसटीत मांडला, घरी आल्यावर बायकोसमोर मांडला. अजून जुळत नाही, आणि त्याचा मला भयंकर राग येतो.